अशिलाची फाईल कोणाच्या कपाटात?

लेस्ली पार्सन्स नावाच्या एका इंग्लिश अशिलाला त्याच्या सॉलिसिटरने, म्हणजे वकिलाने, १,९७,००० पौंडांचं बिल लावलं. तिथे असल्या बिलांची छाननी करणारा न्यायालयाचा खास अधिकारी असतो. त्याने कात्री लावली तेव्हा बिल उरलं ६७,००० पौंडांचं, म्हणजे रुपयातले जवळपास साडेदहा आणे वाढीव होते. पार्सन्सने सॉलिसिटरांच्या संस्थेकडे, लॉ सोसायटीकडे, तक्रार केली. आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते ग्लॅनव्हिल डेव्हिस याच सोसायटीच्या कौन्सिलवर होते. पुढे काय झालं असेल हे आपल्याकडे एखाद्या पतसंस्थेत संचालकाविरुद्ध अर्ज दिलेल्या माणसाला न सांगता कळेल. सोसायटीने टोलवाटोलवी केली. पार्सन्स चिवट निघाले, स्वतः न्यायालयात गेले, तेव्हा कुठे १९८३ मध्ये डेव्हिस यांचं नाव सॉलिसिटरांच्या यादीतून निघालं.

हे प्रकरण मी इथे काढतो आहे ते इंग्रजांची उणीदुणी काढायला नव्हे. वकिलाविरुद्धची तक्रार वकिलांनीच निवडून दिलेल्या वकिलांनी ऐकायची की नाही, हा प्रश्न तिथे या प्रकरणापासून चव्हाट्यावर आला आणि सुटायला चोवीस वर्षं लागली. आपल्याकडे तो अजून नीट विचारलाही गेलेला नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: ऐकू नये. त्यांनी एकट्यांनी तरी नक्कीच ऐकू नये.

मुंबईकरांना 'सॉलिसिटर' हा शब्द परका नाही. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत एके काळी कामाची रीतसर वाटणी होती. अशिलाला भेटायचं, कागद लावायचे, पैसे सांभाळायचे ते सॉलिसिटरने, आणि कोर्टापुढे उभं राहून बोलायचं ते बॅरिस्टरने किंवा अ‍ॅडव्होकेटने. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या १९७६ च्या दुरुस्तीने हा भेद कायद्यातून गेला. पण १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते, पोरं आजही आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, करतात आणि फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांवर त्या पाट्या आजही दिसतात. कायद्याने ज्याला वेगळं अस्तित्व नाही अशा पदवीला इतकी वर्षं मान टिकावा, ही मुंबईचीच गंमत. मात्र त्या पाटीआडच्या माणसाने चूक केली तर तक्रार जाते तिथेच, जिथे तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या वकिलाची जाते: बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा.

आधी इंग्लंडची गोष्ट पुरी करू. पार्सन्स प्रकरणानंतर बोभाटा झाला, तेव्हा लॉ सोसायटीने १९८६ मध्ये तक्रारींसाठी वेगळा ब्यूरो काढला. तो गाडा चालेना, म्हणून १९९६ मध्ये त्याचं नाव बदलून 'ऑफिस' केलं. तक्रारींचे ढीग तसेच राहिले. मग आणखी एक नवं नाव. पाटी बदलत राहिली, पण पगार देणारा धनी तोच होता, सॉलिसिटरांच्या वर्गणीवर आणि मतांवर चालणारी सोसायटी. शेवटी सरकारने तक्रारींच्या कामावर देखरेखीला एक आयुक्त नेमला आणि त्या आयुक्तांनी २००६ मध्ये खुद्द लॉ सोसायटीलाच दंड ठोठावला, कारण तक्रारी निकाली काढण्याचा तिचा आराखडा पुरेसा नव्हता.

त्याच सुमारास खाणकामगारांचं प्रकरण उघडं पडलं. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं गेलेल्या आणि ड्रिल धरून धरून बोटं बधिर झालेल्या माणसांसाठी ब्रिटिश सरकारने १९९९ पासून भरपाईच्या योजना राबवल्या. सात लाखांहून अधिक दावे आले. सॉलिसिटरांची फी सरकार वेगळी देणार होतं, अशिलाकडून छदाम घ्यायची गरज नव्हती. तरीही अनेक फर्मनी खाणकामगारांच्या भरपाईतून वर 'सक्सेस फी' म्हणून रक्कम कापून घेतली. जेमतेम शिकलेला, खोकत खोकत सही करणारा म्हातारा माणूस, त्याला काय कळणार कुठला कागद कशाचा? डॉन्कास्टरच्या एका फर्मच्या दोन भागीदारांची नावं २००८ मध्ये यादीवरून काढली गेली. या कामात त्यांनी कोट्यवधी पौंड मिळवले होते. खाणभागातल्या खासदारांनी हा विषय संसदेत लावून धरला, हे महत्त्वाचं. सोसायटीला आपणहून जाग आलेली नव्हती.

दरम्यान २००३ मध्ये सरकारने सर डेव्हिड क्लेमेंटी यांना या सगळ्याचा विचार करायला बसवलं होतं. क्लेमेंटी वकील नव्हते, बँक ऑफ इंग्लंडचे माजी डेप्युटी गव्हर्नर होते. निवड जाणूनबुजून केलेली असावी, कारण बँकवाल्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: ज्याच्याकडे पैसे ठेवलेत त्याने आणि हिशेब तपासणाऱ्याने एका ताटात जेवू नये. डिसेंबर २००४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यावरून २००७ चा लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट झाला. लॉ सोसायटी राहिली, पण सॉलिसिटरांची संघटना म्हणून. त्यांची बाजू मांडावी, सरकारशी भांडावं, जेवणावळी कराव्यात. शिस्तीचं काम सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे गेलं. गंभीर आरोपांचा निवाडा करणारं न्यायाधिकरण आधीपासून वेगळं होतंच, आणि त्यात वकील नसलेला सदस्य बसतो. या सगळ्यांवर नजर ठेवायला एक मंडळ आलं, त्यात वकील नसलेल्यांचं बहुमत असलंच पाहिजे असं कायद्यातच लिहिलं.

यातला मला सगळ्यांत पटलेला भाग मात्र वेगळाच आहे. ऑक्टोबर २०१० पासून तिथे लीगल ऑम्बड्समन आहे. 'माझा वकील फोन उचलत नाही', 'बिल सांगितलं त्याच्या दुप्पट आलं', 'कागद परत देत नाही' अशा तक्रारी त्याच्याकडे जातात. अशिलाला खर्च नाही, तो वकिलांच्या वर्गणीतून भागतो. चूक दिसली तर ऑम्बड्समन फी कमी करायला लावतो, माफी मागायला लावतो, ५०,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायला लावतो. वकिलाची सनद घालवणं हे कोणाही सामान्य अशिलाचं ध्येय नसतं. त्याला त्याची फाईल हवी असते.

फाईल म्हटलं की मला माझी मावशी आठवते. आजोबांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा तिने तालुक्याच्या कोर्टात लावला होता. वकील चांगले बोलणारे, वयाने ज्येष्ठ, तिला 'ताई' म्हणायचे. सहा वर्षांत दावा तारखांच्या पुढे सरकला नाही. मावशीने वकील बदलायचं ठरवलं, तर नव्या वकिलांनी विचारलं, "आधीच्यांची नो ऑब्जेक्शन आणलीय का? त्यांची फाईल?" आधीच्यांनी सांगितलं, "ताई, बाकी चुकती करा, मग फाईल न्या." बाकी किती, तर त्यांच्या वहीत जेवढी लिहिलेली तेवढी. मावशीकडे एकही पावती नव्हती. सहा वर्षं ती पदराच्या गाठीतून काढून नोटा देत आली होती, आणि पावती मागणं तिला अपमानास्पद वाटायचं. अपमान स्वतःचा नव्हे, त्यांचा.

खरं तर फीसाठी फाईल अडवून ठेवायचा अधिकार वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात २००० सालीच हे स्पष्ट केलं आहे. फी राहिली असेल तर वकिलाने वसुलीचा दावा लावावा, पण कागद अशिलाचे आहेत, ते द्यायलाच हवेत. त्या खटल्यात फाइली अडवणारा वकील एका सहकारी बँकेचा होता. बँकेकडे निदान पत्रव्यवहार करायला कारकून असतात. माझ्या मावशीकडे मी होतो, आणि मला तेव्हा सक्सेना खटला माहीत नव्हता. माहीत असता तरी तो कुठे आणि कोणाला दाखवायचा, हा प्रश्न उरलाच असता.

आपला कायदा काय सांगतो? अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१, कलम ३५. वकिलाने गैरवर्तन केल्याची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करायची. कौन्सिलला तथ्य वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समितीत तिघं. दोघं कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला अनुभवी वकील. म्हणजे 'बाहेरून'चा अर्थही आपल्याकडे वकीलच. निकाल मान्य नसेल तर अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, तिथेही वकील. न्यायाधीश भेटतो तो थेट दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. राज्य कौन्सिलने एका वर्षात निकाल दिला नाही तर प्रकरण आपोआप दिल्लीच्या कौन्सिलकडे वर्ग होतं. ही तरतूद अशिलाच्या सोयीसाठी केलेली. पण प्रत्यक्षात सोलापूरच्या माणसाला वर्षभर मुंबईला खेटे घातल्यावर दिल्लीचं तिकीट काढायला सांगणारी. आणि एवढं करून हाती काय? ताकीद, काही काळ निलंबन, किंवा यादीतून नाव काढणं. बुडालेले पैसे परत द्यायला लावण्याची तरतूद कलम ३५ मध्ये नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ च्या रंगादुराई खटल्यात यातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. दोन वृद्ध अशिलांना फसवणाऱ्या मद्रासच्या वकिलाला नुसतं घरी बसवण्यापेक्षा पैसे फेडायला आणि गरिबांचं कायदेशीर काम करायला लावलेलं बरं, असा त्यांचा विचार. विचार सुंदर होता, पण कायदा ताणून केलेला. अधेमधे एखादा न्यायाधीश तसा ताणतो, रोजच्या व्यवहारात कोणी ताणत नाही.

आता निवडणुकीचा मुद्दा. बार कौन्सिलचे पंचवीस सदस्य महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वकिलांच्या मतांवर निवडून येतात. उमेदवार जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतात, बार रूममध्ये भाषणं होतात, तरुण वकिलांच्या मानधनाची, चेंबर्सची, विम्याची आश्वासनं दिली जातात. यात गैर काही नाही, प्रतिनिधीने हेच करावं. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी शिस्तपालन समितीत बसून त्याच बार रूमच्या अध्यक्षाविरुद्धची तक्रार ऐकतो. मी त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. तो हरिश्चंद्र असेल. पण समोर बसलेल्या माझ्या मावशीला तो हरिश्चंद्र दिसत नाही, त्याच गोटातला माणूस दिसतो, आणि न्यायाच्या बाबतीत तिला काय दिसतं याला किंमत आहे. हे तत्त्व वकीलच रोज न्यायाधीशांना ऐकवत असतात.

बार कौन्सिल काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. वकील एम. व्ही. दाभोलकर यांच्याविरुद्धचा जुना खटला आठवा. मुंबईत मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहायचे आणि पक्षकार दिसला की त्याच्यावर अक्षरशः झडप घालायचे, एकमेकांच्या हातातून कागद हिसकावायचे. साठच्या दशकातली ही तक्रार. महाराष्ट्राच्या कौन्सिलने त्यांना दोषी धरलं, निलंबित केलं. सोडून दिलं ते दिल्लीच्या कौन्सिलने. राज्य कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला अपिलाचा अधिकार आहे का, एवढं ठरवायला सात न्यायाधीशांचं पीठ बसलं. अधिकार आहे असं ठरलं, आणि १९७५ मध्ये ते वर्तन गैरवर्तनच असल्याचा निकालही आला. महाराष्ट्राच्या कौन्सिलला याचा अभिमान वाटायला हवा. पण दारातल्या झटापटीत ओढला गेलेला पक्षकार या सगळ्यात कुठे होता? दहा-एक वर्षं चाललेलं भांडण वकिलांचं, वकिलांच्या इभ्रतीसाठी, वकिलांमध्येच झालं.

आणि ही चाळणी प्रामाणिक वकिलालाही वाचवत नाही. विरुद्ध पक्षाने खुन्नस काढायला तक्रार ठोकायची, हा प्रकार कोर्टात नवा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशीच एक तक्रार रद्द केली आणि ती शिस्तपालन समितीकडे पाठवल्याबद्दल आपल्या बार कौन्सिललाच ५०,००० रुपयांचा खर्च भरायला लावला. तक्रारदार त्या वकिलाचा अशीलच नव्हता. म्हणजे खऱ्या तक्रारी वर्षानुवर्षं पडून आणि खोट्या पुढे. छाननी करणारा, पूर्णवेळ पगारावर असलेला, मतांची गरज नसलेला माणूस तिथे असता तर दोन्ही बाजूंचं भलं झालं असतं. आपले कौन्सिल सदस्य स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून हे काम करतात.

अशिलाला दुसरा दरवाजा होता तो ग्राहक न्यायालयाचा. १४ मे २०२४ ला तोही बंद झाला. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. मूळ वाद होता वीस हजारांच्या न वटलेल्या चेकचा, आणि वकिलाने वसूल झालेली रक्कम अशिलाच्या हाती न दिल्याचा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलाला जबाबदार धरता येतं असं म्हटलं होतं. सतरा वर्षांनी ते फिरलं. निकालामागचा युक्तिवाद असा की वकिली हा धंदा नव्हे, वकिलावर अशिलाचं थेट नियंत्रण असतं, आणि वकिलावर लक्ष ठेवायला बार कौन्सिल आहेच. पहिल्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. डॉक्टर १९९५ पासून ग्राहक कायद्याखाली आहेत आणि त्यांचा धंदा झाला का यावर चार मतं आहेत. दुसऱ्या मुद्द्यावर माझी मावशी हसली असती. तिसरा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. दुसरा दरवाजा बंद करताना पहिला उघडा असल्याचं कारण दिलं असेल, तर पहिला खरोखर उघडतो का हे बघण्याची जबाबदारी वाढते.

वकील मंडळी यावर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. बाहेरच्यांना आत घेतलं की मागोमाग सरकार येतं. सरकारविरुद्ध उभं राहण्यासाठी वकील लागतो, त्याची सनद सरकारच्या मुठीत कशी द्यायची? ही भीती नुसती कल्पनेतली नाही. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही केली म्हणून अहमदाबादच्या वकिलांविरुद्ध तिथल्या जिल्हा न्यायाधीशाने मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि उच्च न्यायालयाने त्या वकिलांना नोटिसा काढल्या. ते पत्र गांधीजींनी 'यंग इंडिया'त छापलं, म्हणून त्यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊन १९२० मध्ये समज मिळाली. पुढे शिक्षा झाल्यावर १९२२ मध्ये लंडनच्या इनर टेम्पल या बॅरिस्टरांच्या संस्थेने बॅरिस्टर म्हणून त्यांचं नावच काढून टाकलं, ते परत घेतलं १९८८ मध्ये. वकिलांची स्वायत्तता आपल्याकडे कशातून आली हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या दुरुस्तीचा मसुदा आणला, त्यात बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारी प्रतिनिधी नेमण्याची आणि कौन्सिलला निर्देश देण्याची कलमं दिसली, तेव्हा वकील रस्त्यावर आले ते बरोबर होतं. मसुदा दहा दिवसांच्या आत मागे घेतला गेला. पण २०१७ मध्ये विधी आयोगाने २६६ व्या अहवालात शिस्तपालन समित्यांमध्ये वकील नसलेल्यांना बसवायचं सुचवलं, तेव्हाही वकील रस्त्यावर आले होते. तिथे मात्र मला त्यांची बाजू कळत नाही. सरकारचा माणूस वेगळा आणि समाजातला माणूस वेगळा. निवृत्त जिल्हा न्यायाधीश, एखादी मुख्याध्यापिका, चार्टर्ड अकाउंटंट हे बसले म्हणून वकिलांची स्वायत्तता कशी बुडते? नेमणूक सरकारने करू नये, उच्च न्यायालयाने करावी. इंग्लंडात बिगरवकील बसवल्यामुळे तिथले वकील सरकारविरुद्ध लढायचे थांबल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

इंग्लंडचा कित्ता जसाच्या तसा गिरवा असंही मी म्हणत नाही. तिथलं नवं यंत्र वेळेवर जागं होतंच असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्सिअम इन्स ही मोठी फर्म बंद पाडावी लागली, कारण अशिलांच्या खात्यातले सहा कोटींहून अधिक पौंड गायब होते. घराच्या खरेदीसाठी ठेवलेले पैसे, मृत्युपत्रातले पैसे. वर नजर ठेवणाऱ्या मंडळाने चौकशी करवून घेतली, तर निष्कर्ष निघाला की रेग्युलेशन अथॉरिटीनेच पुरेशी आणि परिणामकारक पावलं उचलली नव्हती. सगळं स्वतंत्र, सगळे बिगरवकील जागेवर, आणि तरी चोर आत. पण पुढचा भाग पाहा. तिथे सॉलिसिटरांच्या वर्गणीतून चालणारा भरपाई निधी आहे. या प्रकरणामुळे पुढच्या वर्षी प्रत्येक सॉलिसिटरची त्या निधीतली वर्गणी ३० पौंडांवरून थेट ९० वर गेली. सॉलिसिटर चिडले, अथॉरिटीच्या नावाने बोटं मोडली, आणि भरली. आपल्याकडे वकिलाने अशिलाचे पैसे बुडवले तर त्याची झळ बाकीच्या वकिलांना लागत नाही, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायची ऊर्मीही त्यांना येत नाही. अशिलाच्या पैशांचा वेगळा हिशेब ठेवावा असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आपल्याकडेही आहे. तो हिशेब कधी कोणी तपासायला आल्याचं माझ्या ओळखीच्या एकाही वकिलाला आठवत नाही.

या कामाला पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. प्रश्न खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सनदेची फी कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांवर आणली. त्याआधी राज्यांच्या कौन्सिल नवशिक्या वकिलाकडून हजारो रुपये घेत होत्या. निकाल योग्यच होता, शेतमजुराच्या मुलाने सनद घेताना कर्ज का काढावं? पण कौन्सिलच्या तिजोरीला भोक पडलं हेही खरं. मग भार नवशिक्यावर न टाकता वर्षाला कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या फर्म आणि ज्येष्ठ वकिलांवर टाका, मिळकतीच्या प्रमाणात. नरिमन पॉइंटच्या फर्मने आणि पारनेरच्या पहिल्या वर्षाच्या वकिलाने सारखंच द्यावं, याला काही अर्थ नाही.

मी मागतो आहे ते फार थोडं. गैरवर्तनाच्या समितीत निम्मे तरी वकील नसावेत आणि कौन्सिलचा निवडून आलेला सदस्य तिच्यात नसावा. फी, पावती आणि फाईल या तीन रोजच्या भांडणांसाठी प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक अधिकारी असावा, त्याने तीस दिवसांत सांगावं आणि त्याचं सांगणं बंधनकारक असावं. वकीलपत्रावर सही घेतानाच फीचा आकडा मराठीत लिहून एक प्रत अशिलाला द्यावी. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर कायदा बदलायचीही गरज नाही, उद्या सकाळपासून सुरू करता येईल.

मावशीची फाईल अकरा महिन्यांनी मिळाली. बाकी म्हणून सांगितलेल्या रकमेतले निम्मे पैसे दिल्यावर, एका ओळखीच्या माणसाच्या मध्यस्थीने. घरी येऊन उघडली तर आजोबांचं मूळ खरेदीखत आत नव्हतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून नक्कल काढली, तिला दोन महिने लागले. तक्रार करू या का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "नको रे. नवे वकील त्यांच्याच हाताखाली शिकलेत."